हवेतली कात्री

म्हापशाच्या बाजारामागे, चणेकाराच्या गाड्याला लागून
आमचं दुकान आहे. पाटी अजून बाबांचीच:
‘गुणाजी हेअर कटिंग. पंखा आहे.’
पंखा अजून आहे.
मधे मी प्लायवूडची भिंत घातली तेव्हापासून
अलीकडे माणसं, पलीकडे कुत्री,
आणि बाबा माझ्याशी सुट्ट्या पैशांपुरतं बोलतात.

‘पिढ्यान्‌पिढ्यांचं हत्यार,’ एवढंच म्हणाले होते.
पुढचं वाक्य वस्तऱ्यासारखं मिटून
खिशात घातलं.

शुक्रवारी हळदोण्याहून एर्मेलिंडाबाय आल्या.
काखेत फोफो. वजन साडेचार किलो,
त्यातले निम्मे केसच असावेत,
जर्दाळूच्या रंगाचे, वेटोळे वेटोळे.
त्यांना हवा होता फोनमधल्या फोटोतला:
गोल तोंड, गोल पाय, कानांना झुपके,
कापूस पिंजता पिंजता मधेच कुत्रा निघावा तसा.
मंगळवारी नातीचं लग्न. अंगठ्या तोच आणणार.

मी केसांत बोटं घातली आणि कळलं:
वरून मखमल, खाली सुंभ.
हणजुण्याची रेती, एक वाळकं कुसळ,
पट्ट्याखाली तर चक्क घोंगडीचा तुकडा.
कुरळ्यांचं असंच असतं. गळलेला केस
खाली पडत नाही,
शेजाऱ्याला धरून बसतो.
आधी पाणी घालायचं नाही, पाण्याने गाठ आवळते.
मुळाशी चिमटीत धरायची, टोकाकडून फोडत यायची,
कातडीला पत्ता लागू द्यायचा नाही.

अडीच तास. बायनी पेपर वाचून संपवला,
मरणाच्या जाहिरातींसकट.
मग शाम्पू, मग गरम वारा,
आणि फोफो फुगला, फुगला,
एवढा की डोळे शोधावे लागले.

तोंडावर कात्री नेली आणि तो थरथरायला लागला.
थाळीत ठेवलेल्या खरवसासारखा, सगळाच्या सगळा.
मी थांबले. पुन्हा नेली. पुन्हा तेच.
डोळ्याच्या कडेशी गंमत नाही करता येत.

प्लायवूड पातळ आहे.
पलीकडे वस्तरा थांबल्याचं ऐकू आलं.
बाबा आले, खांद्यावर टॉवेल,
मागे खुर्चीत अर्ध्या गालाला फेस लावलेला गिऱ्हाईक.
माझ्याकडे बघितलंही नाही.
स्टूल ओढलं, कुत्र्याहून खाली बसले,
आणि हवाच कापायला लागले.
चिक. चिक. चिक.
आधी दाराकडची हवा, मग टेबलाकडची,
मग कानाजवळची, रिकामीच.
‘भियेनाका रे,’ म्हणाले. फोफोला की कात्रीला, कोण जाणे.
‘जावळाला पोरं येतात त्यांना असंच.
आधी आवाज द्यायचा. धार मागून.’

पुण्याला चाळीस दिवसांचा कोर्स केला मी,
खोट्या केसांच्या कुत्र्यावर.
तो खोटा कुत्रा कधी घाबरला नव्हता.

बाबांचा हात गेल्या वर्षापासून कापतो.
मला दिसत होतं. मी हनुवटी धरून उभी राहिले,
श्वास न घेता.
हात थरथरत होता, तोंड थरथरत होतं,
दोघांनी मधे कुठेतरी जुळवून घेतलं.
जमिनीवर जर्दाळूरंगी चंद्रकोरी पडत राहिल्या,
पंख्याने त्या भिंतीपलीकडे नेल्या,
माणसांच्या काळ्यापांढऱ्यात.

डावा गाल जरा चपटा झाला.
बायनी चष्मा लावला. ‘मेस्त्री, हो गाल?’
‘त्या कुशीवर निजतो ना तो,’ बाबा म्हणाले,
आणि फेस सुकलेल्या माणसाकडे परत गेले.

रात्री कुलूप लावताना त्यांची वही उघडी दिसली.
तीच जुनी, तीन रकाने आखलेली:
दाढी. केस. लहान मूल.
तिसऱ्यात, कित्येक महिन्यांनी, एक रेघ.
समोर तीस रुपये.

मी नऊशे घेतले होते.
ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.